पलीकडच्या वळणावरची ऊब

५ जानेवारी

पोचले एकदाची! विमान, आगगाडी, मग एक खडखडती बस. आणि बसमधून उतरल्या उतरल्या नाकातले केस गोठले. इतकं हसू आलं म्हणून सांगू! सासूबाई म्हणाल्या होत्या, थंडीतच पळायचंय ना, मग फ्रीज उघडून आत डोकं घाल, तिकीट वाचेल. आत्ता त्यांना इथे उभं करायला हवं होतं.

घरमालकीण गोल चेहऱ्याची, हातात कायम फडकं असलेली. पहिल्या तासातच मी तिला मावशी म्हणायला लागले. माझ्या खोलीत लोखंडी पलंग, दुहेरी काचांची खिडकी, आणि खिडकीतून दिसतं ते गोठलेलं तळं. तळं कसलं, पांढरं मैदानच. मॅरेथॉन त्यावरच आहे, कडेकडेने फेऱ्या मारायच्या. खाली जिन्यामागे कपडे वाळवायची खोली आहे. भिंतीभर गरम पाण्याच्या नळ्या आणि ओल्या लोकरीचा वास. सगळ्या घरात मला तीच जागा जास्त आवडली.

शेजारच्या खोलीत दुसरे स्पर्धक, एक निवृत्त रेल्वेचालक. जिना चढताना असे फुसफुसतात की मी त्यांना इंजिनकाका म्हणायला लागले. खूश झाले! म्हणाले, आयुष्यभर इंजिन चालवलं, आता स्वतःच झालो.

८ जानेवारी

आमचे प्रशिक्षक म्हणजे सर. उंच, किडकिडीत, भुवयांवर कायम बर्फाचा चुरा. मी नर्स आहे कळल्यापासून मला 'सिस्टर' म्हणतात. त्यांचा सगळा राग घामावर. घाम आला की कपडे ओले, ओले झाले की गोठणार. म्हणून गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळायचं. गप्पांची मला कधी पंचाईत नाही. आज पूर्ण फेरीभर काकांना आमच्या वॉर्डाबद्दल सांगत होते. दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं, तळहाताएवढी, आणि त्यांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या कमी. नव्या पेट्यांसाठी लोकांनी देणग्या कबूल केल्यात, पण मी शर्यत पूर्ण केली तरच. काका फुसफुसत माझ्या बरोबरीला आले. मग म्हणाले, पोरी, तुला ओढत नेईन पण पूर्ण करवीन.

११ जानेवारी

आज एक गंमतच झाली. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, लाल निशाण रोवलंय त्या वळणावर, एकाएकी वारा पडला आणि ऊब आली. हलकीशी नाही, कुणी भट्टीचं दार उघडावं तशी. चेहरा सैल पडला, खांदे खाली आले. मला वाटलं भास असेल, पण काकांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुलाही?" चार पावलं गेलो आणि पुन्हा थंडी चावायला लागली.

परत आल्यावर सरांना सांगितलं. वाटलं होतं हसतील. ते बुटांच्या नाड्या सोडत होते, ते तसेच थांबले. म्हणाले, त्या वळणावर रेंगाळायचं नाही. हातमोजा पडला तरी उचलायला वाकायचं नाही.

१४ जानेवारी

स्पर्धेची डॉक्टरीण आज सगळ्यांची बोटं तपासायला आली होती. मी तिला उबेबद्दल विचारलं. तिने शांतपणे समजावलं: शरीर फार गारठलं की शेवटी शेवटी माणसाला उकडायला लागतं, काही जण अंगावरचे कपडेही काढून टाकतात. गेल्या वर्षी एक धावपटू असाच गेला, त्याच वळणावर. ऐकून बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटलंच, पण निदान कारण तरी कळलं.

ती गेल्यावर सर म्हणाले, तिने त्याचे कपडे बघितले नव्हते. मी बघितले. घडी घातलेली होती. शर्टाची बटणं लावलेली. बोटं लाकडासारखी झालेला माणूस बटणं कशी लावेल?



१६ जानेवारी

काका आज एकटेच दुसऱ्या फेरीला गेले आणि उशिरा परतले. हातमोजे नाहीत. मी धावत जाऊन त्यांचे हात धरले. बाळांचे तळवे पाहते तसे, माझ्या हाताची मागची बाजू लावून. गरम होते. माझ्यापेक्षा गरम. तापासारखे नाही, नुकतंच उन्हात बसून आल्यासारखे.

मोजे कुठे गेले विचारलं. म्हणाले, दिले.

कुणाला, ते सांगितलं नाही. जेवताना मात्र फार आनंदात होते.

१७ जानेवारी

काका हीटरला चिकटून बसले होते आणि कुडकुडत होते. मावशीने दोन पांघरुणं घातली. ते म्हणत होते, हे घरच गार आहे, तिकडे किती छान आहे, सगळे किती आपुलकीने बस म्हणतात. मी विचारलं, "सगळे म्हणजे कोण?" काका माझ्याकडे पाहून हसले. लहान मुलाच्या प्रश्नावर हसतात तसे.

मी सरांना बोलावलं. सरांनी काकांचे बूट स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवले. आता काका जाणार नाहीत म्हणाले.

१८ जानेवारी

गेले. अनवाणी.

लाल निशाणापाशी बसलेले सापडले. कपडे शेजारी. मी बघायला गेले नाही. सर गेले होते. परत आले आणि वाळवायच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी कपड्यांबद्दल विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

मावशी काकांच्या खोलीतली चादर काढताना रडत होती. मी दुसरं टोक धरलं.

१९ जानेवारी

मी परत जाणार होते. बॅग भरली होती. वॉर्डात फोन केला तर मेट्रनबाईंनी काही ऐकूनच घेतलं नाही, आधी सांगत सुटल्या. रात्री पुन्हा जुळी आली, एका पेटीत दोघांना ठेवलंय, सगळे तुझी वाट बघतायत. मग म्हणाल्या, हं, तू काय सांगत होतीस?

काही नाही म्हटलं.

आयोजकांनी रस्ता बदलला आहे. पलीकडचं टोक गाळलं, वळण खूप अलीकडे घेतलं. तिकडे कुणालाच जायचं नाही. मग ठीक आहे. मग होईल.

२१ जानेवारी

उद्या शर्यत. दर फेरीनंतर तंबूत सक्तीने थांबायचं, डॉक्टरीण हातपाय तपासणार, मगच पुढे सोडणार. ही वही आणि पेन्सिल आतल्या खिशात ठेवते. तंबूत लिहीन, म्हणजे डोकं ठिकाणावर आहे हे माझं मलाच कळेल.

संध्याकाळी वाळवायच्या खोलीत गेले तर ती गार वाटली. नळ्या बंद असतील म्हणून उजवा हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मावशी किंचाळली, तेव्हा बघितलं. तळवा लालभडक, फोड उठलेला.

दुखत नाही.

डॉक्टरणीला सांगितलं तर पळू देणार नाही. मावशीला गळ घातली. ती नाही-हो करत गप्प राहिली. हातमोजे घातल्यावर काही दिसत नाही.

२२ जानेवारी, तंबू

पहिली फेरी झाली. हवा स्वच्छ. सर शेजारून पळतायत, मला एकटीला सोडत नाहीत. उजवा हातमोजा काढायच्या आधीच डॉक्टरणीला दुसऱ्या कुणीतरी हाक मारली. वाचले.

तंबू

वारा सुटलाय. बर्फाची भुकटी उडते, वाटेवरचं पुढचं निशाण दिसत नाही. सर म्हणाले माझ्या कमरेची दोरी धरा. धरली आहे. थंडी वाजतेय, खूप वाजतेय — चांगलंच आहे — वाजू दे —

तंबू

दोरी सुटली. कधी ते कळलं नाही. हाका मारल्या. मग वारा पडला आणि तंबू समोरच — इतक्या लवकर? अर्धीच फेरी झाली असेल.

आत छान गरम आहे. डॉक्टरीण नाही. दुसऱ्या बायका आहेत, प्रेमळ, एकीने पाठीवरून हात फिरवला. बस म्हणाल्या. नको, मला जायचंय, बाळं आहेत — हो, हो, म्हणाल्या, जा की, जरा बसून जा.

काका कोपऱ्यात आहेत. माझ्याकडे बघत नाहीत. मान हलवतायत. नाही, नाही, अशी.

उठते. पाय उठत नाहीत —

बाहेर सर! अगदी कापडापलीकडे. "सिस्टर! सिस्टर, ओ द्या!" मी ओ दिली. मोठ्याने दिली. पुन्हा दिली. त्यांना —

सर रडतायत. वॉकीटॉकीवर कुणाला तरी सांगतायत — सापडली — लाल निशाणापाशी, उघड्यावर बसलीये — नाही, नाडी लागत नाही —

माझीच? मी इथे लिहितेय. नर्स आहे मी, नाडी मला समजते. मनगटावर बोटं ठेवली. पुन्हा ठेवली. जरा वर, अंगठ्याच्या बाजूला, नीट दाबून —