पलंगाखालच्या विटा

ती. सौ. ताई,

नमस्कार. तुझे गुडघे आणि भावजींचा स्वभाव, दोन्ही जरा नरमले असतील असं धरून चालतो. आम्ही इकडे मजेत आहोत, असं लिहायला बाबांनी सांगितलं आहे. (ते समोरच बसलेत. चष्मा सापडत नाही म्हणून चिडलेत. तो माझ्या खिशात आहे, तेव्हा पुढचं मोकळेपणाने लिहितो.)

गेल्या आठवड्यात आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई आल्या होत्या. समुद्र बदललाय असं वाटतं का आणि तब्येत कशी आहे, हे दोन्ही प्रश्न त्यांच्या एकाच कागदावर. चाळीस वर्षं होड्या बांधलेल्या आपल्या बाबांनी ठणकावून सांगितलं, की समुद्र होता तिथेच आहे. त्या वेळी त्यांच्या पलंगाच्या प्रत्येक पायाखाली तीन-तीन विटा होत्या. पलंग उंच का, तर म्हणे केर काढायला बरं पडतं. (बाबांच्या हातात केरसुणी तू कधी पाहिलीस का?) विहिरीचं पाणी खारट का, तर म्हणे सूनबाईच्या हाताला मीठ जास्त. छातीपर्यंत बुरशी चढलेली भिंत त्यांनी जुना रंग म्हणून खपवली. मग बाईंनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि पेन खाली ठेवलं. हे पाणी आणि ही ओलसर खोली सोडा, नाहीतर फार जड जाईल, असं हळू आवाजात म्हणाल्या. बाबांनी त्यांना चहा पाजला. त्याच पाण्याचा. बाईंनी तो पूर्ण संपवला, एवढं मात्र मानलं पाहिजे.

तीन दिवस मी बाबांशी भांडलो. चौथ्या दिवशी भरतीचं पाणी उंबरा ओलांडून आत आलं. पलंगाखाली चौथी वीट सरकवायला ते वाकले आणि तिथेच पाण्यात बसले. श्वास पुरेना. मी उचललं. ताई, ते फार हलके लागले गं.

तुझा,
धाकटा

ता. क. मुद्द्याचं आता लिहितो. तुमचं दार फुगलंय, सुतार मिळत नाही, असं त्यांना कळव. तब्येतीसाठी ते हलायचे नाहीत, कामासाठी येतील.

आणखी ता. क. माझ्या बायकोने हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. मग ते म्हणाले, "समुद्र चढतोय हे मला तुमच्या आधी कळलं होतं. मी तसं बोललो असतो तर तुम्ही इथे राहिला असतात का?" यायला तयार आहेत, पण एकटे नाही. तर ताई, एकाऐवजी पाच माणसांची, म्हणजे बाबा, आम्ही दोघं आणि दोन पोरं, सोय होईल का?