तीस भागिले अर्धा

मंगळवार, ४ मार्च
ओरडलो तिच्यावर. सगळ्यांसमोर! अजून कानशिलं तापलेली आहेत.

कारखान्यात नाटकाच्या पडद्याचं तीस किलो कापड आज रंगवायचं होतं. रंगमास्तर बाहेरगावी. दर अर्ध्या किलोला एक माप पूड — आकडा मी काढायचा, मापं तिने टाकायची, मापाचं टेबल तिचं. कॅल्क्युलेटरवर काढून सांगितलं, पंधरा. ती म्हणाली, "कमी वाटतंय रे. मागच्या खेपेला डबा रिकामा होत आला होता." मी म्हटलं, तू मापं मोज, गणित मला शिकवू नकोस! तिने गुपचूप पंधरा टाकली.

हवा होता गर्द लाल. निघाला फिक्कट गुलाबी, जखम धुतलेल्या पाण्यासारखा. तेव्हा ओरडलो — "लक्ष कुठे असतं तुझं? मोजायला चुकलीस!"

बुधवार, ५ मार्च
मास्तर परत आले. तिला मापाच्या टेबलावरून काढून धुलाईत टाकलं. जाताना तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. वर्षभर त्या एका नजरेसाठी झुरतोय — आणि मिळाली तेव्हा मी खाली बघितलं.

गुरुवार, ६ मार्च
जेवण गेलं नाही.

शनिवार, ८ मार्च
धाकटी बहीण गृहपाठ घेऊन बसली होती. "दादा, तीस भागिले एक छेद दोन किती?" पंधरा, म्हटलं. तिने माझाच कॉलेजातला जुना कॅल्क्युलेटर पुढे केला. त्यावर अपूर्णांकाचं बटण आहे — एक वर, दोन खाली, मध्ये रेघ. उत्तर साठ!

"अरे, अर्ध्या अर्ध्याचे तुकडे केले तर तिसाचे साठच होणार ना? कॉलेज सोडलंस तशी अक्कलही तिकडेच ठेवून आलास?"

कारखान्यातल्या साध्या कॅल्क्युलेटरला ती रेघ नाही. मी सवयीने दाबत गेलो — तीस, भागिले, एक, भागिले, दोन. त्याने आधी एकने भागलं, तीसच राहिले. मग दोनने. पंधरा. अर्धा त्याला दिसलाच नाही. सांगितलं तेवढं त्याने केलं.

तिनेही.

रविवार, ९ मार्च
सांगितलं तर नोकरी जाणार. सरांशी भांडून कॉलेज सोडलं तेव्हा घरात कुणी माझ्याशी बोलत नव्हतं — एकटा मामा सोडून. त्यानेच शब्द टाकून इथे लावलं. त्याला काय तोंड दाखवू?

पण काल तिचे हात पाहिले. सोडा लागून सोललेत.

सोमवार, १० मार्च
सांगितलं. जिथे ओरडलो होतो तिथेच उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. चूक माझी, ती बरोबर होती, मी तिला उगाच बोललो. ती पाण्याच्या हौदापाशी होती. मान वर केली नाही.

मास्तरांनी तो गुलाबी पडदा पुढे ओढला. मग म्हणाले, "प्रोफेसर, आकडा आला की एकदा कापडाकडेही बघत जा." बस, एवढंच! नोकरी राहिली. पडदा रंग उतरवून पुन्हा रंगवायचा आहे, या वेळी साठ मापं. उद्या तिला टेबलावर परत घेणार आहेत.

झोप येत नाही. पहिलं वाक्य काय बोलू?

मंगळवार, ११ मार्च
मास्तरांनी बोलावलं. ती आली नाही. म्हणाली, "मी धुलाईतच बरी आहे. तिथे कुणी ओरडत नाही."