कडी कुणी लावली

शिक्रापूर,
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय मोनिका,

कशी आहेस? आम्ही बरे आहोत. खुटबावच्या शाळेत मैत्रिणी मिळाल्या का? तुझ्या आईच्या मोबाइलवर फोन केला तर तू बोलायला येत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय.

तू तुझ्या मामांकडनं कायमची गावी गेलीस, तेव्हापासून सातवीत एकच विषय. खेळाच्या सामानाच्या खोलीची कडी बाहेरून कुणी लावली? करुणा सांगत सुटली, तिथं भूत आहे, एकटी मुलगी दिसली की दार लावतं. आता दोरी आणायलाही कुणी जात नाही. मग तिनंच शोधपथक काढलं. मला त्यात घेतलं. मी सगळ्यांचे जबाब वहीत लिहायचे. मधल्या सुट्टीत करुणाशेजारी बसून जेवायचे. तू यायच्या आधी मी एकटीच जेवायचे, तुला माहीतच आहे.

पण मला ठकठक ऐकू येते गं. गणिताच्या तासाला. आई पोळ्या लाटते तेव्हा. हायवेवरनं ट्रक गेला की खिडकी हलते, तेव्हा तर फार. खरंच भूत असतं तर बरं झालं असतं.

कडी मी लावली.

"दहाच मिनिटं," करुणा म्हणाली होती, "मग तू आमच्यातली." तू दार वाजवलंस. मग ओरडलीस, "अंकिता, हायेस का गं? दार उघड की!" मी दाराला लागूनच उभी होते. करुणा हसली, म्हणून मीही हसले. घंटा झाली, आम्ही पळालो. बाईंनी विचारलं तर मीच सांगितलं, मोनिकाचं पोट दुखतंय, घरी गेली. शाळा सुटल्यावर शिपाई मच्छिंद्रमामांनी तुला बाहेर काढलं.

काल सरांनी त्यांनाच वर्गासमोर झापलं, आत न बघता कडी लावली म्हणून. मच्छिंद्रमामा मान खाली घालून एवढंच म्हणाले, "म्या न्हाई लावली, सर." मला बसवेना. उभी राहून सांगून टाकलं.

सरांनी मच्छिंद्रमामांची माफी मागितली. करुणा म्हणाली, मला काहीच माहीत नाही. आज माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. आई रागावली नाही. ठकठक थांबेल वाटलं होतं. थांबली नाही.

पुढच्या रविवारी आईबरोबर खुटबावला येतेय. तुझ्या आईआप्पांना सगळं मी स्वतः सांगणार आहे. तू समोर आली नाहीस तरी चालेल.

खाली 'तुझी मैत्रीण' लिहिलं होतं, ते खोडलंय. ते तू ठरव.

अंकिता