माझ्या यादीतले ‘माहीत नाही’

अण्णा, कुणी कुणाला मत दिलं हे विचारायचं नसतं, असं तुम्ही मला सातवीत दम देऊन सांगितलं होतं, आणि आज मला तेच विचारण्याचा पगार मिळतो. फोनवर, तेही जर्मनमधून. तुम्ही असता तर आधी हसला असता की आधी ओरडला असता, याचा मी कालपासून विचार करतेय. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं होत आली. तेवढ्या काळात मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, पुण्यात जर्मनचा क्लास लावला, ब्राउनश्वाइगला एका हॉटेलात आउसबिल्डुंगला आले, म्हणजे काम करता करता शिकायचं आणि वर थोडा पगारही घ्यायचा. तेही जमलं नाही. मधे काही महिने आखनला एका मैत्रिणीच्या खोलीत काढले, तिथून सायकलने हॉलंडात जाऊन चीज आणायचं एवढाच उद्योग, आणि आता फ्रँकफर्टला दुसरी आउसबिल्डुंग धरली आहे, लोकांची मतं मोजणाऱ्या एका संस्थेत. आई फोनवर म्हणते, “तुझं बूड काही एका जागी टेकत नाही बघ.” या वेळी टेकलं होतं, आई. तिला हे सांगितलं नाही, तुम्हाला सांगतेय.

आमचं काम असं असतं. एका हॉलमध्ये आम्ही रांगेने बसतो, कानाला हेडफोन, समोर स्क्रीन. नंबर कॉम्प्युटर लावतो. पलीकडून कुणीतरी “जा?” म्हणतं, म्हणजे “हां, बोला”, आणि आपण स्क्रीनवरचा प्रश्न वाचायचा, जसाच्या तसा. स्वतःचा शब्द घालायचा नाही, समजावून सांगायचं नाही, घाई करायची नाही. हे महिना-दोन महिने चाललेलं काम एका पक्षाचं होतं. त्या पक्षाला पुढच्या निवडणुकीत पुढे कोणाला करायचं हे सभासदांनीच मत देऊन ठरवायचं होतं, आणि तिघंजण उभे होते. एक बाई, मंत्री होत्या आधी. एक काळ्या चष्म्याचा वकील. आणि एक उंच, हसरा, कुठल्याशा शहराचा नगराध्यक्ष. तिघांची टीव्हीवर तीन वेळा जुगलबंदी, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी आम्ही त्या पक्षाच्या सभासदांना फोन लावायचे: काल कोण बरं बोललं, आणि तुम्ही कोणाला मत द्याल? आमची उत्तरं संध्याकाळी टीव्हीवर रंगीत पट्ट्या होऊन यायची. पहिल्यांदा ती पट्टी बघितली तेव्हा मला वाटलं, अरे, यातला एक बारीक तुकडा माझा आहे. इथे दोन वर्षांत माझं असं काहीच नव्हतं.

तुम्हाला आठवतं का, सातवीतली वही? विधानसभेची निवडणूक होती आणि तुम्हाला नेहमीसारखी ड्यूटी लागली होती, मतदान केंद्रावर. आपल्या गल्लीत लोक तुम्हाला सारखं विचारायचे, “गुरुजी, हवा कुणाची?” आणि तुम्ही म्हणायचात, “चहा घ्या.” मला वाटायचं तुम्हाला माहीत असतं आणि तुम्ही सांगत नाही. म्हणून मी स्वतःच वही केली. घरोघरी गेले, काकू कुणाला, आजोबा कुणाला, नावापुढे चिन्हाचं चित्र काढलं. तुम्हाला ती वही सापडली. तुम्ही मारलं नाहीत. चपला घाल म्हणालात, आणि मला अकरा घरं फिरवलीत. प्रत्येक दारात मी म्हणायचं, “मी विचारलं ते चुकलं.” तुम्ही मागे उभे, हाताची घडी घालून. टेलरकाकू हसायला लागल्या. “अहो गुरुजी, कशाला लेकराला रडवताय? मी खोटंच सांगितलं होतं तिला.” मग पलीकडची आत्या म्हणाली, “मी पण.” घरी येताना तुम्ही गालातल्या गालात हसत होता, मी बघितलं. त्या दिवसापासून मला कुणाचंच सांगणं पुरतं खरं वाटत नाही. आणि मी निवडलं काय, तर हे काम.

पण तुमचा दुसरा नियम मी जास्त पाळला. दहावीच्या सराव परीक्षेत भूमितीचा एक प्रश्न मी तसाच सोडला होता. तुम्ही स्वयंपाकघरात, आई भाकरी थापतेय, धुराने डोळे चुरचुरतायत, आणि तुम्ही पेपर माझ्यापुढे धरलाय. “हे कोरं का?” मी म्हणाले, येत नव्हतं. “येत नव्हतं म्हणून कोरं सोडतं का कुणी? काहीतरी लिही. आकृती काढ, पक्ष लिही, साध्य लिही. तपासणाऱ्यालाही लेकरं असतात. अर्धा मार्क देतो तो.” आई मागे न बघता म्हणाली, “आणि चुकीचं लिहिलं तर?” तुम्ही म्हणालात, “चुकीचं चालतं. कोरं चालत नाही.” मला वाटतं महाराष्ट्रातल्या अर्ध्या घरांत हे वाक्य बोललं गेलं असेल. मी ते इथे घेऊन आले, सामानाचं वजन न वाढवता.

फोनवर पुष्कळ लोक म्हणतात, “वाइस इश निश्त.” माहीत नाही. त्याला स्क्रीनवर एक चौकोन आहे, खाली, करड्या रंगाचा. तो वाचून दाखवायचा नसतो. माणूस आपणहून म्हणाला तर टिचकी मारायची आणि पुढे जायचं. मला ते जमेना. कोणी ‘माहीत नाही’ म्हटलं की मला वाटायचं, माझाच पेपर कोरा राहतोय. त्यातून म्हातारी माणसं. त्यांचा आवाज ओशाळायचा. आता आपल्याकडे एखाद्या आजीला असं ओशाळं करून कोणी फोन ठेवतं का? मी म्हणायचे, “थोडा विचार करा ना, मला वेळ आहे.” तरी नाहीच, तर मी तिन्ही नावं पुन्हा सांगायचे. वाचून नाही, तोंडपाठ. पहिल्या दिवशी ज्या क्रमाने पाठ केली, त्याच क्रमाने, पाढ्यासारखी: बाई, वकील, नगराध्यक्ष. खरं तर कॉम्प्युटर दर फोनला नावांचा क्रम बदलतो, कारण माणूस अडला की शेवटचं ऐकलेलं नाव धरतो. हे मला ट्रेनिंगच्या दुसऱ्याच दिवशी शिकवलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं. तर अडलेले लोक काय म्हणत असतील, तुम्हीच सांगा.

पहिल्या वादानंतर बाईंची पट्टी सगळ्यांत उंच होती. दुसऱ्यानंतर नगराध्यक्ष वर आला. टीव्हीवाले म्हणाले, काय मुसंडी मारली! मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहते त्या ताई मूळच्या पुण्याच्या, इथे सॉफ्टवेअरमध्ये. तिसरा वाद आम्ही त्यांच्या हॉलमध्ये बघत होतो, पोहे खात. सूत्रसंचालकाने बाईंना पहिलाच प्रश्न टाकला, “आठवड्याभरात लोक तुमच्यापासून लांब का गेले?” मागे आमच्या पट्ट्या. कॅमेरा बाईंच्या हातावर. त्या पाण्याचा ग्लास उचलतात, पीत नाहीत, परत ठेवतात. ताई म्हणाल्या, “संपलं हिचं. बघ चेहरा.” मग माझ्याकडे वळून, “का गं, तुमच्या त्या फोनवर लोक खरं बोलतात?” मी म्हटलं, “गेनाऊ.” म्हणजे अगदी बरोबर. त्यांची सहा वर्षांची मुलगी मराठी सगळं समजते पण उत्तर जर्मनमध्ये देते. ती सोफ्यावरून म्हणाली की या बाईंना मघापासून रडू येतंय आणि कोणी रुमाल का देत नाही. मी पोह्यांची बशी खाली ठेवली. मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. कॅमेरावाल्याचा, की तो हातावरच का थांबला. सूत्रसंचालकाचा, की त्याला हा प्रश्न कोणी दिला. आमच्या संस्थेचा, की पट्टीसाठी पैसे कोण देतं. वकिलाच्या चष्म्याचासुद्धा. एवढे सगळे संशय घेऊन झाले, म्हणजे मग माझ्याकडे यायला नको.

सोमवारी सुपरवायझरने मला काचेच्या खोलीत बोलावलं. पन्नाशीची बाई, मऊ बोलते, आणि मऊ बोलणाऱ्यांची मला भीती वाटते. चार महिन्यांची प्रोबेत्साइट, म्हणजे ज्यात कारण न सांगता घरी पाठवता येतं, ती माझी शुक्रवारी संपणार होती. त्याआधी नोकरी गेली तर व्हिसाचा कागद पुन्हा लटकणार, कारण तो याच कराराला चिकटवलेला आहे, आणि दोन आउसबिल्डुंग सोडलेल्या मुलीला तिसरी कोण देतं? तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. “आल्झो,” म्हणाली, म्हणजे तर मग, “इतरांच्या याद्यांत ‘माहीत नाही’ भरपूर आहेत. तुमच्या यादीत एकही नाही. असं दोनच प्रकारे होतं. एक तर तुम्ही हे फोन केलेच नाहीत.”

मी म्हणाले, “केले. सगळे केले.”

“ते मला माहीत आहे. आम्ही काही लोकांना परत फोन करून विचारलं. तुमची आठवण आहे त्यांना. एक जण म्हणाला, फार गोड मुलगी.” मग तिने एक रेकॉर्डिंग लावलं. सगळे फोन रेकॉर्ड होत नाहीत, मधूनच एखादा. कुणी म्हातारा, लांब कुठल्या खेड्यातला, म्हणतोय की मुली, मला खरंच ठरवता येत नाही. आणि मग एक आवाज, चिवट, प्रेमळ, पिच्छा न सोडणारा: थोडा विचार करा ना. काहीतरी सांगा. अण्णा, तो तुमचा आवाज होता. जर्मन बोलणारा. शेवटी म्हातारा म्हणाला, बरं, मग तो नगराध्यक्ष लिहा. आणि ती मुलगी आनंदाने म्हणाली, “शाब्बास!” मराठीत. सुपरवायझरने विचारलं, हा शब्द काय आहे? मी सांगितलं. तिने मान हलवली. “तुम्ही त्याला मार्क दिलेत,” म्हणाली.

मला वाटलं होतं ती ओरडेल. ती म्हणाली, “ठरवता न येणं हेही उत्तर आहे. मला तेच सगळ्यांत जास्त हवं असतं.” मी तिला भूमितीच्या पेपराचं सांगायला लागले, मग ब्राउनश्वाइगच्या हॉटेलात चादरींना कोरी घडी कशी घालायचे ते सांगायला लागले, मला माहीत आहे मी भरकटते, तिने हात वर केला. “तुमची यादी घ्या. ज्यांनी आधी ‘माहीत नाही’ म्हटलं होतं, त्यांच्यापुढे खूण करा. ते आम्ही काढून टाकू. रेकॉर्डिंग थोडीच आहेत, म्हणून तुमच्या शब्दावर सोडतेय.” मी विचारलं, “माझ्यामुळे बाई मागे पडल्या का?” ती पहिल्यांदा हसली. “तुम्ही इतक्या लोकांतल्या एक आहात. स्वतःला एवढं मोठं समजू नका.” मला ते खरं वाटलं नाही. आणि खोटंही वाटलं नाही. पट्ट्या कोण उभ्या करतं हे मला आता कुणी सांगितलं तरी पटणार नाही.

दोन दिवस यादी घेऊन बसले. फोन नंबर पुसलेले असतात, नुसतं वय, जिल्हा, वेळ आणि उत्तर. तेवढ्यावर आठवायचं. ताईंच्या बाल्कनीत बसले, खालून ट्राम जात होती, समोरच्या इमारतीत कुणीतरी खिडक्या पुसत होतं, एकच खिडकी तीनदा, मी तेच बघत बसले. मग हिशेब केला. खुणा जास्त केल्या तर ती म्हणणार, या मुलीचं एकही उत्तर धड नाही, जा घरी. कमी केल्या तर कोण बघतंय? तुम्ही मागे हाताची घडी घालून उभे नव्हतात. मी नऊ खुणा केल्या. ती म्हणाली, “फक्त नऊ?” मी म्हटलं, “बाकीचं आठवत नाही.” तिने यादी ठेवून घेतली, आणि शुक्रवारी मला कायम केल्याचं पत्र दिलं. वर म्हणाली, प्रामाणिकपणे केलंत, बरं वाटलं. आता तिचं हे वाक्य खरं, की तीही मला मार्क देत होती, हा संशय मला सुटत नाही.

नगराध्यक्ष थोडक्यात जिंकला. ताईंनी श्रीखंड आणलं होतं, माझ्या नोकरीसाठी, त्याच दिवशी. आईला फोन केला तर ती म्हणाली, “अण्णा असते तर पेढे वाटले असते.” तुम्ही वाटले असतेत का, हे मला खरंच सांगता येत नाही. तुम्हाला लिहिलेलं हे पत्र कुठे टाकायचा प्रश्न नाही, पण फाडणारही नाही. घरात ताई आणि त्यांचे यजमान दोघंही मराठी वाचतात, म्हणून ते माझ्या बॅगेच्या अस्तरात ठेवीन.

मला सगळे आठवत होते, अण्णा. वयावरून, वेळेवरून, एकूण एक. सत्त्याहत्तर वर्षांची एक बाई होती, उत्तरेकडची, दुपारची वेळ, मागे नळ चालू. प्रश्न ऐकून ती म्हणाली, थांबा हं, मी ह्यांना विचारते. नळ बंद झाला. पावलं गेली, परत आली. मग म्हणाली, “माफ करा, मी विसरते. ते आता नसतात.” मी तिला तिन्ही नावं पुन्हा सांगितली, आणि ती लगेच म्हणाली, शेवटचं, शेवटचं लिहा. तिच्यापुढे मी खूण केली नाही.