स्लॅशर की मल्चर

१२ नोव्हेंबर

आबाजींशी पुन्हा वाजलं. मोशीच्या रानात गवत माणसाच्या वर गेलंय, शेजारच्या सोसायटीत साप निघतात — कापायला हवंच. पण कशाने? मी म्हणते, ट्रॅक्टरमागे स्लॅशर लावा. चार फुटी, उंची कमी-जास्त करता येणारा, नुसतं गवत कापणारा. माझ्या नवऱ्याने, हरिहरने लावलेल्या आंब्यांच्या दोन ओळींमधून नीट जाईल. आबाजी दीरसाहेबांना मल्चर हवा. तो गवत, झुडपं, रोपं, सगळ्याचा भुगा करतो.

"वहिनी, कॉन्व्हेंटात ट्रॅक्टर बी शिकवत व्हते का?"

नाही. भरतकाम शिकवायचे. सिस्टर आग्नेस उद्धट मुलींना बाकावर उभं करायच्या. आबाजींना तसं उभं राहिलेलं बघायचंय मला.

१३ नोव्हेंबर

बोलणं बंद.

१५ नोव्हेंबर

भोसरीला गेले. ज्ञानेशच्या वर्कशॉपमध्ये ही अवजारं बनतात. "काकू, पस्तीस एचपीचा ट्रॅक्टर ना? मल्चर ओढेल, पण धापा टाकत. स्लॅशर घ्या. मागे साखळ्या लावून देतो, दगड उडायचे नाहीत."

आबाजींना शब्दन् शब्द ऐकवला.

"ट्रॅक्टर माझा हाय. मल्चरच लागंल. आंबे गेले तर मला शिव्या घाला."

सख्ख्या भावाने लावलेली झाडं! दोन वर्षांपूर्वी हरिहर दवाखान्यात रोज विचारायचा, आंबे कसे आहेत. आबाजीच सांगायचे, "कमरेला लागले, दादा." तो हसायचा. तो गेल्यावर माझा गुडघा असा झाला की बांधापलीकडे मी गेलेच नाही.

रान सपाट करून विकायचंय आबाजींना. तोंडावर म्हटलं. ते चपला घालून चालते झाले. म्हणजे खरंच असणार.

१८ नोव्हेंबर

ज्ञानेश रानात दगड किती आहेत ते बघायला आला. गवतात शिरला, बऱ्याच वेळाने बाहेर आला.

"काकू, झाडं कुठायत? नुसत्या जळक्या काठ्या आहेत."

राखणीच्या छबूबाईंना विचारलं.

"रान पेटलं व्हतं, बाई. मालक दवाखान्यात व्हते तवा. आबाजी म्हनले, दादाला कळता कामा न्हाई. वहिनीला बी न्हाई."

आंबे मशीनने खाल्ले, दोष आबाजींचा — मला एवढंच कळावं, म्हणून मल्चर.

छबूबाईंना म्हटलं, मी विचारलं होतं हे आबाजींना सांगू नका. ज्ञानेशलाही बजावलं.



२१ नोव्हेंबर

मीच मल्चरला हो म्हणाले. दुपारपर्यंत रान सपाट. मग बांधावर उभी राहून चार माणसांत आबाजींना वाट्टेल ते बोलले. हरिहरची झाडं मारलीत म्हणाले. ते मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मीही आवाज खाली येऊ दिला नाही.