सिगडी बाहेर ठेवा

तीर्थरूप बाबा,

तुमाले आन् मायले रागिणीचा अमरावतीहून नमस्कार.

मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर होते. घरकुलांच्या नव्या वसाहतीतलं माझं कामही बरं चालू आहे. नव्या बिऱ्हाडांची रेशनकार्डं इथल्या पत्त्यावर करून देते, ओला-सुका कचरा वेगळा ठेवाले शिकवते. धारणीकडून आलेली चंदा तर मले बहीणच मानते.

थंडी मात्र यंदा लई आहे. परवा सकाळी चंदाचं दार वाजवलं, तर कोणी उघडेच ना. शेजाऱ्यांनी कडी तोडली. आत कोळशाची सिगडी धुमसत होती आन् मायलेकी निपचित पडल्या होत्या. दोघींले ओढून मोकळ्या हवेत आणलं. चंदा शुद्धीवर आली. लेकीनं अजून डोळे उघडले नाहीत. ती दवाखान्यातच आहे.

चंदा रडून राहिली, "ताई, झोपडीत जनमभर सिगडी पेटवली, कधी काही झालं नाही."

झोपडीले फटी होत्या, बाबा. या पक्क्या घराले नाहीत. मी घरोघर हेच सांगून राहिली. लोक मान हालवतात, आन् सांज झाली की खिडक्या लावून घेतात.

तुमीही नव्या घरात खिडकीच्या फटी बुजवल्या, मायच्या खाटेजवळ सिगडी ठेवता, असं तेल्हाऱ्याहून आलेला गोपालभाऊ म्हणाला. काल फोनवर सांगितलं तर तुमी हसले. म्हणून लिहून शेजारच्या श्यामच्या हाती तेल्हाऱ्याले धाडून राहिली. लिहिलेलं तरी माना.

मायचं डोकं रोज सकाळी जड होते म्हणे. चंदाच्या लेकीचंही आठवडाभर तसंच होत होतं.

तुमची लेक,
रागिणी