मानाच्या टॉवेलाने पुसलेलं बॉनेट

आई, गाडी आली. आपली गाडी! नावावर दादाच्या आहे, पण दादाची म्हणजे आपलीच. रंग निळा. दादाला काळी हवी होती, वहिनीच्या माहेरचे म्हणाले काळी नको, अशुभ असते. मग दोघांचंही राहावं म्हणून इतकी गडद निळी घेतली की सावलीत उभी केली की काळीच दिसते. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. मी आत्ता वाईला घाटाच्या पायरीवर बसून हे लिहितेय. दादा आणि वहिनी गणपतीच्या रांगेत आहेत, मी दर्शन घेऊन आले. समोर कुणीतरी घोंगडं धूत होतं ते बघत बसले, मग कागद मागून आणला. सांगायचं आहे कालपासूनचं, पण मधे दुसरं काही आठवलं तर तेही सांगणार, तुला माझी सवय माहीत आहे. तू म्हणायचीस, ह्या पोरीला मीठ आणाय धाडली तर जत्रा बघून येती आणि मीठच इसरती.

गाडी सांगलीच्या शोरूममधून घेतली. दादाचं बिऱ्हाड आता साताऱ्यात आहे, तिथंही मिळाली असती, पण त्याचं म्हणणं एकच, पूजा कुपवाडच्या आपल्या गल्लीतच होणार. फौजेतून सुट्टीवर आल्यापासून तो हेच बोलत होता. तुझा कारखाना आता बंद आहे, आई. पत्र्याची शेड तेवढी उभी आहे, दारात रानटी एरंड वाढलाय. मी काल त्याच दारात उभी राहिले आणि लगेच मला तो आवाज आला, पॉलिशची चाकं फिरायचा. शाळा सुटली की मी तुझा रिकामा डबा न्यायला यायचे ना. आत तुम्ही सगळ्या ओळीत बसलेल्या, तोंडाला फडकी बांधलेली, फक्त डोळे दिसतायत, आणि तुझं चाक आणि शेजारी मावशीचं चाक. सख्खी मावशी नसूनही मी तिला मावशी म्हणायचे, कारण तुझ्या डब्यातली भाजी तिच्या डब्यात आणि तिची तुझ्यात असं रोजचं होतं. तुम्ही दोघी स्टीलच्या डब्यांची झाकणं चकचकीत करायचात. एकदा मी शहाणपणा करून ढिगातलं एक झाकण फ्रॉकच्या टोकाने पुसलं. तू माझ्या हातावर अशी चापट मारलीस की झाकण खणखणत मावशीच्या पायाशी गेलं. "वाळलं पुसतीस? धुळीत खडा असतोय, तो खडा तू रगडून फिरवतीस. आदी धूळ जाऊ दे, मग हात लाव." मी रडले. मग तू ते झाकण उजेडात तिरकं धरून माझं बोट घेतलंस आणि चऱ्यावरून माझं नख फिरवलंस. "अडाकतंय का? न्हाई ना? मग वरचंच हाय, निघंल. नख अडाकलं की समजायचं खोल हाय, मग हात आवरायचा, न्हाईतर झाकणाला भोक पडंल." त्या झाकणाला तू पुढं इतकी चमक आणलीस की मी त्यात बघून भांग पाडला. पोचा आलेलं, माल म्हणून जाणार नव्हतंच, ते तू मला दिलंस. अजून माझ्या पिशवीत आहे. पुण्यात होतं, गोव्यात होतं, हंपीला एका धर्मशाळेत विसरून आले होते तर परत गेले तेवढ्यासाठी.

असो. पूजा. अख्खी गल्ली जमली. चाकांखाली लिंबं, पुढं नारळ, आरशाला झेंडूची माळ. मावशीनं बॉनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढलं, गल्लीत शुभ काम आणि मावशीचा हात नाही असं होत नाही. ती आता थकलीय, पण काल जरीचं लुगडं नेसून, खड्याची अंगठी घालून अशी उभी होती की जणू गाडी तिनंच घेतली. मग कोपऱ्यावरच्या काकांनी दादाला टॉवेल-टोपी दिली. "फौजी, मान घ्या. आमच्या गल्लीची पयली गाडी हाय ही." दादा लाजला. त्याला बर्फात बंदूक घेऊन उभं राहता येतं, पण टोपी घालताना मान कुठं वाकवायची ते कळत नाही. वहिनी फोटो काढत होती, ती म्हणाली, स्वस्तिकाचं कुंकू ओघळलंय हो जरा. आणि आई, मावशीनं दादाच्या खांद्यावरचा तो कोरा, खळ घातलेला, पापडासारखा कडक टॉवेल ओढला आणि बॉनेट पुसलं. वाळलंच. शोरूमपासून कुपवाडपर्यंतची सगळी धूळ, वर कुंकू, वर तो टॉवेल, आणि गोल गोल जोर लावून, तुम्ही पूर्वी झाकण फिरवायचात तसं.

ऊन तिरकं होतं. टॉवेल उचलला आणि सूर्याच्या बिंबाभोवती बॉनेटभर कोळ्याचं जाळं. बारीक बारीक चरे, गोल गोल. दादाच्या तोंडून निघून गेलं, "मावशे, वाळलंच पुसलंस गं!" वहिनीनं त्याला कोपर मारलं, पण शब्द गेला तो गेला. मावशी स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. "व्हय रं," म्हणाली, "वाळलंच." एवढंच. दुसऱ्या कुणी पुसलं असतं तर काही वाटलं नसतं, पण मावशीनं! जिनं तुझ्याबरोबर सगळी उमर चमक काढण्यात घालवली तिनं! आनंदात विसरली, दुसरं काय. ती टॉवेलाची घडी घालून आत गेली आणि दार लोटून घेतलं. आज आम्ही तिला घेऊन वाईला येणार होतो. तुम्ही दोघी यष्टीनं वाईला जायच्या गप्पा किती वर्षं मारत होतात, आठवतं? दरवेळी त्याच रविवारी जादा काम निघायचं. दादानं म्हणून ठरवलं होतं, पहिली फेरी वाईची, आणि पुढच्या सीटवर मावशी. मी दाराशी गेले तर आतून आवाज आला, "पोरी, मी न्हाई बसायची त्या गाडीत. माज्या हातानं लक्ष्मी खरवडली." ती दिवेलागणीच्या आत जेवते, जैनांची रीत, सूर्य बुडाला की घास नाही. काल ताट वाढून झाकलेलं तसंच राहिलं आणि सूर्य बुडाला.

दादा पायरीवर बसून होता, टोपी अजून डोक्यावर. म्हणाला, "मी काय वाईट बोललो का गं?" मी म्हटलं, चरे मी काढते. त्यानं माझ्याकडे असं बघितलं जसं मी म्हटलं विमान चालवते. "येडे, तू आजवर एक तरी काम पुरं केलंयस? कॉलेज अर्धं, पार्लरचा कोर्स अर्धा, पुण्यातलं ते गाड्या चकाकवायचं दुकान, तेबी अर्धंच सोडलंस."

"मग बॉनेट पण अर्धंच करते. अर्धी गाडी तर चकचकीत निघंल."

"नवीन गाडी हाय, गंमत नव्हे. रंग जाळशील."

"रंगाला हातच लावत नाही मी. रंगावर काचेसारखा एक थर असतो, चरे त्या थरात आहेत. नख फिरवून बघ."

त्यानं फिरवलं. नख कुठं अडकलं नाही. आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यालाही ते झाकण आठवलं. त्यानं टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली.

तशीच वहिनीच्या स्कुटीवरून सांगलीच्या विश्रामबागेत, गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणतो, "ताई, गाडी कुणाची? भावाची? मग भावालाच पाठवा की." मी म्हटलं, सगळ्यात बारीक पॉलिश द्या, जाडं नको, एक स्पंजाची चकती, मऊ फडकी आणि शेवटी लावायचं मेण. तो म्हणाला, आता ह्यावर काय बोलणार, आणि डॅशबोर्डवर ठेवायचा मुंडी हलवणारा कुत्रा दाखवायला लागला. इतका गोड होता आई, मी घेतला! परत येताना वाटेत उसाचा रस प्याले, कुपवाडच्या फाट्यावर आल्यावर आठवलं की कडांना लावायची चिकटपट्टी राहिली. मीठ विसरलेच म्हण. परत गेले. दुकानदार शटर अर्धं ओढून हसत उभा होता, पट्टी हातात घेऊनच.

आज उजाडताच गाडी तुझ्या शेडच्या सावलीत ढकलली, उन्हात तापलेल्या पत्र्यावर पॉलिश करायचं नसतं. आधी नुसतं पाणी, भरपूर, वरून खाली, धूळ आपली आपण वाहून जाईपर्यंत. मग साबणाचं पाणी, मऊ हात, फडकं खळबळायला वेगळी बादली. दादा म्हणाला, एवढ्या पाण्यात म्हस धुतली असती. मग टिपून कोरडं केलं, पुसून नव्हे, टिपून. कडांना पट्टी चिकटवली, कारण कडेला तो थर पातळ असतो. आणि मग एका कोपऱ्यात, दोन तळहात मावतील एवढ्याच जागेत, पॉलिशचे चार ठिपके. आडवं, उभं, आडवं, उभं. दंड भरून आला. पुसलं. दादानं मोबाईलची बत्ती तिरकी धरली.

काय सांगू आई तुला! जाळं गेलं होतं! तेवढ्याच चौकोनात बत्तीचा ठिपका असा स्वच्छ, असा एकटा, जसा विहिरीत चंद्र. दादा ओरडला, "आयला!" फौजेत गेल्यापासून तो अशा वेळी 'शाब्बास' म्हणतो, पण काल-आज तो पूर्ण आपल्या गल्लीचा झालाय. मग मला थांबवतंय कोण! चौकोनामागून चौकोन, मी कधी एका जागी इतका वेळ उभी राहिले असेन तर शपथ. शेजारच्या काकू चहा घेऊन आल्या, तो गार झाला. एक कोंबडा येऊन बॉनेटमधल्या कोंबड्याशी भांडायला लागला, त्याला दादानं हाकललं. मी वर बघितलंच नाही, मी, आई! मला सारखं वाटत होतं शेजारी चाक फिरतंय.

आणि शेवटी, उजव्या दिव्याच्या अगदी वर, कडेजवळ, एक चरा राहिला. बोटभर लांब. बाकीच्यांसारखा गोल नव्हता, सरळ. मावशीच्या अंगठीच्या खड्याचा. दोनदा पॉलिश फिरवलं, फिका झाला, गेला नाही. नख फिरवलं. अडकलं.

मी स्पंज हातात धरून तशीच उभी. दादा बादल्या ठेवायला गेला होता. अजून थोडं घासलं तर जाईल असं वाटत होतं, आणि अजून थोडं घासलं तर खालचा निळा रंग स्पंजावर येईल असंही वाटत होतं. मग मी स्पंज खाली ठेवला आणि मेणाची डबी उघडली. मेण पातळ लावलं, जरा धुरकट होऊ दिलं, मऊ फडक्यानं काढलं. वरून तांब्याभर पाणी टाकलं तर अळवाच्या पानावर पळतं तसं पळालं. पाऊस, धूळ, आजूबाजूच्या कारखान्यांचा धूर, आता काही चटकन चिकटणार नाही. हे मेण काही महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं, ते मी दादाला सांगितलं, वहिनीला सांगितलं, कोपऱ्यावरच्या काकांनाही सांगितलं, त्यांच्याकडे सायकल आहे.

मग मावशीच्या दारात गेले. "मावशे, बाहेर ये. बघ."

"मला काय बघायचं न्हाई."

"बघू नको, नुसती तपासून दे. आईनं सोडलं असतं का तपासल्याबिगर?"

दार उघडलं. कालचंच लुगडं, डोळे सुजलेले, अंगठी काढून ठेवलेली. ती गाडीसमोर उभी राहिली, मान तिरकी केली, तुम्ही दोघी करायचात तशी, एक डोळा बारीक. सगळं बॉनेट नजरेनं पालथं घातलं. गल्ली पुन्हा जमली होती. मग ती वाकली आणि तिनं बरोबर उजव्या दिव्याच्या वर बोट नेलं. अर्ध्या गल्लीला दिसला नसता तो चरा. नख फिरवलं, थांबलं.

"हितं अडाकतंय."

"व्हय," मी म्हटलं.

"म्हून सोडलंस?"

"व्हय."

ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली, आणि कालपासून पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. "शाणी हायस. तुज्या आईनंबी हितंच हात आवरला आसता." मग दादाकडे वळून म्हणाली, "आरं फौजी, एवढा माझा चरा ऱ्हाऊ दे. बाकी पोरीनं काढलं. आन् मला काय तरी खायला द्या, कालपास्नं उपाशी हाय मी." दोन भाकरी खाल्ल्या तिनं, पिठल्याबरोबर, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. मुंडी हलवणाऱ्या कुत्र्याला बघून म्हणाली, हे कोण गं आणि? साताऱ्यापर्यंत ती त्याच्याशी बोलत होती. वाटेत उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या, पाचट दोन्ही बाजूंनी लोंबतंय, प्रत्येक ट्रॉली आली की आम्ही सगळे एकदम ओरडायचो, दादा, लांबनं! आणि दादा गाडी अशी बाजूला घ्यायचा जशी वाजतगाजत नवरी चाललीय.

आता ती तिकडे कृष्णेत पाय सोडून बसलीय. एकदा तुझं नाव घेतलं तिनं, पाण्याकडे बघून. दादा-वहिनी येताना दिसतायत, हातात पेढ्याचा पुडा आहे. हा कागद मी घडी घालून त्या झाकणाखाली ठेवणार, पिशवीत, दुसरीकडे कुठं जाणार नाही तो.

एवढंच सांगायचं राहिलं, कारण मावशी सगळ्या रस्ताभर तेच बोलत आलीय, पोरगी शाणी झाली, कुठं थांबायचं ते कळाय लागलं. आई, मला काही कळलं नव्हतं. माझा हात थरथरत होता, मी घाबरून थांबले. तिला मी ते सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. पण तुला विचारावंसं वाटतंय, तू खोल चऱ्याची झाकणं तशीच बाजूला ठेवायचीस तेव्हा तुझाही हात थरथरायचा का गं?